निपाणीच्या प्रियसला पाच युनिटची जोड

१७ फेब्रुवारी २०२४, उद्यमबाग, बेळगाव

काकांची प्रियस, म्हणजे टोयोटाची पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालणारी हायब्रीड गाडी, आज निपाणीहून टोइंगच्या गाडीवर बसून आली. डॅशबोर्डवर लाल त्रिकोण. स्कॅनर लावला तर बिघाडाचा कोड पी०ए८०, म्हणजे हायब्रीड बॅटरी बदला. दोन ठिकाणी त्यांना हेच सांगितलं होतं. नव्या बॅटरीचा आकडा ऐकून काका गप्प घरी आले आणि दुसऱ्या दिवशी मला फोन केला. मी मोटारी वाइंडिंग करणारा माणूस. पण प्रियसच्या पोटात दोन मोटारी आहेत, त्यामुळे ही गाडी मला कधीच परकी वाटली नाही.

"गाडी अजून धडधाकट हाय. एका बॅटरीपायी भंगारात घालायची व्हय?" काका म्हणाले.

मॉडेल २०१०चं. टोयोटाने ही गाडी भारतात आणली ती त्याच साली, बाहेरून तयार होऊनच यायची, म्हणून आपल्या भागात क्वचित दिसते. काकांनी बेंगळुरूत जुनी घेतली आणि तंबाखूच्या धंद्यात इतकी वर्षं वापरली. १.८ लिटरचं पेट्रोल इंजिन, दोन मोटर-जनरेटर आणि मागच्या सीटच्या पाठीशी निकेल-मेटल हायड्राइडची बॅटरी. ७.२ व्होल्टची २८ मॉड्यूल ओळीने जोडलेली, एकूण २०१.६ व्होल्ट, ६.५ अँपिअर-अवर. गुणाकार केला की जेमतेम १.३ युनिट. दोन किलोवॉटचा गीझर एवढी वीज चाळीस मिनिटांत संपवतो. दीड टनाच्या आसपासची गाडी एवढ्या शिदोरीवर चालते, हे कागदावर मांडल्यावरच नीट डोक्यात शिरतं.

१८ फेब्रुवारी

भाचा सकाळीच आला. डिप्लोमा करतोय, त्याला पहिला धडा हाच दिला: नारंगी केबल दिसली की हात मागे. बारा व्होल्टची बॅटरी सोडली, एक हजार व्होल्टचे रबरी हातमोजे घातले, नारंगी सर्व्हिस प्लग ओढून खिशात ठेवला (टेबलावर नाही, खिशात), आणि मग दहा मिनिटं नुसतं बसून राहिलो. इन्व्हर्टरमधले कपॅसिटर रिकामे व्हायला ती दहा मिनिटं लागतात. त्यानंतरसुद्धा मीटर लावून शून्याजवळ आकडा बघितल्याशिवाय हात घालायचा नाही.

बॅटरी बाहेर काढली आणि रोग बॅटरीत कमी, पंख्यात जास्त निघाला. या बॅटरीला गार ठेवायला मागच्या सीटच्या बाजूने केबिनमधली हवा आत ओढणारा पंखा आहे. त्याचं झाकण काढल्यावर वखारीत पोतं फोडल्यासारखा वास आला. पंख्याच्या प्रत्येक पात्यावर तपकिरी भुकटीचा थर, नखाने खरवडला तर पापुद्रा निघावा इतका घट्ट. मधल्या पात्यांमध्ये तर फट उरलीच नव्हती. इतकी वर्षं काका वखारीतून उठून गाडीत बसत होते, कपड्यांवरची तंबाखूची भुकटी सीटवर, तिथून पंख्यात. मधली मॉड्यूल गुदमरून तापत होती.

दात घासायच्या ब्रशने पातं पातं साफ केलं. दीड तास गेला. ब्लोअरने उडवून दिलं असतं तर सगळी भुकटी पुन्हा बॅटरीच्या पोटात गेली असती.

२१ फेब्रुवारी

सगळी मॉड्यूल मोजली. २५ मॉड्यूल ७.८ ते ७.९ व्होल्टच्या दरम्यान. १३, १४ आणि १७ नंबरची ६.६च्या आसपास. प्रत्येक मॉड्यूलमध्ये सहा सेल असतात, त्यातला एक मेला की बरोबर सव्वा व्होल्ट कमी होतो. म्हणजे तिन्हींत एकेक सेल गेलेला, आणि तिन्ही मधली, पंख्याची हवा न मिळालेली.

पुण्याहून जुन्या पण तपासलेल्या पाच मॉड्यूलची ऑर्डर दिली. दोन जास्तीची, कारण उरलेल्यांतलं एखादं लोडवर मान टाकेल अशी शंका आहे.

तांब्याच्या पट्ट्या हिरव्या पडल्या होत्या. व्हिनेगरमध्ये तासभर ठेवून पुसल्या.

२ मार्च

बॅटरी परत जोडली. नट ५.४ न्यूटन-मीटरवर, टॉर्क पान्यानेच. हे नट हातअंदाजाने आवळले की मॉड्यूलच्या प्लास्टिकमधला खांबच फिरतो आणि मग ते मॉड्यूल फेकून द्यावं लागतं. बैलहोंगलचा आमचा फिटर प्रत्येक नटाला "निधान, निधान" (कानडीत सावकाश) असं पुटपुटत होता, भाच्यानेही तोच शब्द उचलला.

डॅशबोर्डवर 'रेडी' आलं. त्रिकोण गेला. काकांना फोन केला, त्यांनी विचारलं, "आता ही चार्जरला लावून चालवता यील का? रोज वखारीलाच तर जातो."

हा प्रश्न माझ्याही मनात होता. काकांचं रोजचं जाणंयेणं घर ते अक्कोळ रस्त्यावरची वखार, दुपारी जेवायला घरी, पुन्हा वखार. पंचवीस किलोमीटर होतात. १.३ युनिटमधली गाडी स्वतः जेमतेम ४० ते ८० टक्के एवढाच पट्टा वापरते, म्हणजे हातात अर्धं युनिट. त्यावर तीन-चार किलोमीटर. मोठी बॅटरी जोडून बाहेरून चार्ज करता आली तर रोजचा वखारीचा फेरा विजेवर बसतो.

कल्पना नवी नाही. अमेरिकेत कॅलकार्स नावाच्या गटाने २००४ साली प्रियसच्या डिक्कीत लेड-ॲसिड बॅटऱ्या घालून हे करून दाखवलं. टोयोटाने स्वतः २०१२मध्ये ४.४ युनिटची लिथियम बॅटरी घालून प्लग-इन प्रियस विकायला काढली. आपल्याकडे पुण्याच्या केपीआयटी कमिन्सने भारत फोर्जबरोबर २०१० साली साध्या गाडीला प्लग-इन हायब्रीड करणारं 'रिव्होलो' किट जाहीर केलं होतं. ती बातमी मी कापून ठेवली होती, दुकानाच्या कपाटात अजून आहे.

५ मार्च

कायदा आधी बघून घेतला. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाने गाडीत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. हायब्रीड किंवा इलेक्ट्रिक किट बसवायचं तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ११५-डी हा नियम आणि त्याखालचं एआयएस-१२३ हे मानक. किट मान्यताप्राप्त संस्थेकडून, म्हणजे पुण्याच्या एआरएआयसारख्या, तपासून मंजूर झालेलं हवं आणि आरसी बुकावर नोंद हवी. एकट्या गाडीसाठी दुकानात बनवलेलं किट यात बसत नाही.

म्हणून ठरवलं: किट चार बोल्ट आणि काही कनेक्टर सोडले की अख्खं बाहेर येईल असंच बनवायचं. किट आत असताना गाडी सार्वजनिक रस्त्यावर न्यायची नाही. मच्छेला ओळखीच्या एका बंद फौंड्रीचं आवार आहे, आतून डांबरी रस्ता, एक फेरी ६२० मीटरची. मालक हो म्हणाले. काकांना हे सगळं सांगितलं. थोडे हिरमुसले, पण म्हणाले, "करून तर बघ. शिकशील."

१० मार्च

किट घालायच्या आधी मूळ गाडीचा अभ्यास. ओबीडीला (गाडीच्या कॉम्प्युटरचं तपासणीचं सॉकेट) आकडे टिपणारा लॉगर लावून बेळगाव ते निपाणी, सत्तरेक किलोमीटर. गाडीत आम्ही तिघं.

हायवेवर एक गोष्ट नीट कळली. बॅटरीत कितीही वीज असली तरी ७४ किलोमीटर वेगाच्या वर इंजिन फिरतंच. कारण गिअरमध्ये आहे. ग्रहगतीच्या गिअरमध्ये मधलं चाक ३० दात्यांचं, ते पहिल्या मोटारीला. बाहेरचं कडं ७८ दात्यांचं, ते चाकांकडे. इंजिन थांबलेलं असलं की पहिली मोटर कड्याच्या २.६ पट वेगाने उलटी फिरते. गाडी वेग घेत गेली की मोटर आपल्या मर्यादेला टेकते, मग इंजिन फिरवून तिला सोडवावं लागतं. म्हणजे मोठी बॅटरी घालून हायवेचं पेट्रोल फारसं वाचणार नाही. तिचा उपयोग गावात, वखारीच्या रस्त्यावर.

तवंदी घाट उतरताना मात्र जीव तळमळला. माथ्यावर बॅटरी ६४ टक्के. घाट दोन तृतीयांश उतरलो तोवर ७८, आणि तिथून गाडीने वीज घ्यायचं बंद केलं. इंजिन पेट्रोलशिवाय नुसतंच गरगर फिरवून ती ब्रेक लावत होती. तो आवाज म्हणजे वाया जाणारी वीज. माणसांसकट १६०० किलोची गाडी शंभर मीटर उतरली की हिशेबाने ०.४४ युनिट होतात. वारा आणि टायर निम्मं खाऊन टाकतात, तरी उरतं त्याला जागा हवी. ६४ पासून ८० पर्यंत जागा फक्त ०.२१ युनिटची.

त्या दिवशी वहीत लिहिलं: मोठी बॅटरी घातली की तवंदीचा उतार पकडता येईल. हे वाक्य पुढे मला खोडावं लागलं.

२४ मार्च

दोन वाटा होत्या. एक, ६४ लिथियम सेल ओळीने जोडून २०४.८ व्होल्टची बॅटरी करायची आणि मूळ बॅटरीला समांतर लावायची. दुसरी, १६ सेलची ५१.२ व्होल्टची बॅटरी आणि ती वीज वर चढवणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर.

दुसरी घेतली. साठ व्होल्टच्या आतली बॅटरी माझ्या दुकानात, भाच्याच्या हाताखाली, उघडी असू शकते. दोनशे व्होल्टची नको. शिवाय ६४ सेल सांभाळणारी यंत्रणा वेगळीच डोकेदुखी. तोटा एकच, कन्व्हर्टर चार किलोवॉटचा. सपाटीला सावकाश गाडी चालवायला तेवढं पुरतं. जोरात दाबलं की वरचं मूळ बॅटरी देईल आणि नंतर कन्व्हर्टर तिला भरून काढेल.

सेल लिथियम आयर्न फॉस्फेटचे, ३.२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवर. सोळांचे मिळून ५.१२ युनिट, वजन ३२ किलो. निकल-कोबाल्टचे सेल हलके आले असते, पण बिघडले तर फार वाईट पेटतात. काकांच्या गाडीत मला ते नको होते.

९ एप्रिल, गुढीपाडवा

सेल आले. दुकानात गुढीशेजारीच खोकी ठेवली.

१४ एप्रिल

सेल आधी ओळीने चार्ज केले, मग सोळाही समांतर जोडून ३.६५ व्होल्टवर एकत्र भरायला लावले. सगळे एकाच पातळीला आले पाहिजेत, नाहीतर पुढे एक आधी भरतो आणि बाकीचे उपाशी राहतात. दुपारी दोनदा वीज गेली. दर वेळी सप्लाय सोडवून, वीज आल्यावर व्होल्टेज आधी तपासून परत जोडला. घाई नाही.

२० एप्रिल

शेजारच्या मशीन शॉपमध्ये दहा मिलिमीटर ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या मिलिंग करून घेतल्या. आठ-आठ सेलच्या दोन रांगा त्या पट्ट्यांच्या मध्ये, चार आट्यांच्या दांड्यांनी हलक्या दाबात. हे सेल भरता-रिकामे होताना किंचित फुगतात, बाजूने आधार असला की जास्त टिकतात. प्रत्येक सेलच्या मध्ये इपॉक्सीचा पातळ पत्रा. उद्यमबागेत राहण्याचं सुख हे की असली कामं सकाळी सांगितली की संध्याकाळी हातात. पैसे विचारले तर म्हणाले, आधी गाडी फिरवून दाखव.

खोकं स्टेपनीच्या खड्ड्यात बरोबर बसलं. स्टेपनी बाहेर, तिच्या जागी पंक्चरचं सामान.

१२ मे

पहिली जोडणी. कन्व्हर्टरचं आउटपुट मूळ बॅटरीच्या टोकांना. कन्व्हर्टरला सांगितलं: २३० व्होल्टच्या वर जायचं नाही, १४ अँपिअरच्या वर द्यायचं नाही. गाडीच्या कॉम्प्युटरकडून चार्जचा टक्का ओबीडीतून वाचून कन्व्हर्टर चालू-बंद करणारा छोटा बोर्ड भाच्याने लिहिला. त्याला एक गोष्ट बजावली होती. बोर्डाने फक्त वाचायचं. गाडीच्या कॉम्प्युटरला खोटा टक्का पाठवून फसवणारी किट मी वाचली आहेत. मला ते पटत नाही. ज्या कॉम्प्युटरवर बॅटरीची सुरक्षा अवलंबून आहे त्याच्याशी खोटं बोलायचं नाही.

आणि तरीही नेमकं तेच घडलं, माझ्या जोडणीने.

आवारात बाराच फेऱ्या झाल्या. स्क्रीनवर बॅटरी ६२ वरून घसरत ४६ वर आली. कन्व्हर्टर तर वीज देतोय, क्लॅम्प मीटर दाखवतोय. मग गाडी उभी असताना इंजिन आपणहून सुरू झालं, रिकामी बॅटरी भरायला. भाच्याने ओरडून सांगितलं, "मामा, चौदाही ब्लॉक साडेसोळाच्या वर आहेत!" दोन मॉड्यूलचा एक ब्लॉक, म्हणजे एकूण २३१ व्होल्ट. बॅटरी तुडुंब भरली होती आणि गाडी तिला रिकामी समजून आणखी भरत होती. तापमान ३४ वरून ४३. ताबडतोब सगळं बंद केलं.

संध्याकाळी दोन तास बॅटरी उघडून बसलो. कारण सुपारीएवढ्या एका वस्तूत होतं. बॅटरीतून निघणाऱ्या केबलभोवती काळी कडी आहे, करंट मोजणारा हॉल सेन्सर. कॉम्प्युटर त्यातून किती गेलं आणि किती आलं याचीच जमाखर्चाची वही ठेवतो. मी कन्व्हर्टर कडीच्या आतल्या बाजूला, बॅटरीकडे जोडला होता. मी घातलेली वीज कडीतून कधी आत आलीच नाही, पण चाकांकडे जाताना दर वेळी कडीतून बाहेर गेली. वहीत फक्त खर्च पडत गेला, जमा शून्य.

१९ मे

जोड कडीच्या पलीकडे नेला, मुख्य रिलेच्याही पुढे. आता कन्व्हर्टरची वीज बॅटरीत शिरताना कडीतून जाते आणि वहीत जमा होते.

पण रिलेच्या पुढे जोडायचं म्हणजे नवी जबाबदारी. अपघात झाला की गाडी मुख्य रिले सोडून बॅटरी तोडते. आपला कन्व्हर्टर तेव्हा चालू राहिला तर नारंगी केबल जिवंतच राहणार आणि गाडीतून माणसं काढायला आलेल्याला मरण. म्हणून आउटपुटवर वेगळा कॉन्टॅक्टर, म्हणजे दुरून चालणारा मोठा स्विच, आणि त्याला हुकूम मुख्य रिलेच्या कॉइलवरून. मुख्य रिले सुटला की आपलाही सुटणार. वीस वेळा चालू-बंद करून तपासलं, वीसही वेळा सुटला. याला बायपास करायची सोय मुद्दाम ठेवली नाही.

२६ मे

साठ फेऱ्या. टक्का आणि व्होल्टेज हातात हात घालून चालले. ईव्ही (फक्त विजेवर चालवायचं) बटण दाबून ताशी तीसने, इंजिन एकदाही लागलं नाही. काका निपाणीहून खास आले होते, मागच्या सीटवर डोळे मिटून बसले. आवारातल्या चिंचेवरचे पोपट ऐकू येत होते.

१६ जून

पाऊस लागला तो थांबायचं नाव नाही. आज रेडी करताच परत लाल त्रिकोण, पी०एए६. उच्च दाबाची वीज कुठेतरी बॉडीला गळतेय. किटचा प्लग काढला की कोड परत येत नाही, म्हणजे दोष आपल्यात.

कन्व्हर्टरची दोन्ही टोकं सोडून एकट्या केबलला मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावला, पाचशे व्होल्टवर. चाळीस-पन्नास मेगओहम हवेत तिथे ०.२. केबल हळूहळू उचलत गेलो. खड्ड्याच्या तळातून ती दोन बोटं वर आल्याबरोबर काटा उडून चाळीसवर. खाली ठेवली की परत खाली. तिथे टॉर्च मारून बघितलं. केबलच्या जोडावर चढवलेल्या श्रिंक नळीला केसाएवढी चीर, आतून क्रिम्पिंगची धार वर आलेली, आणि तळाशी चमचाभर गढूळ पाणी. पाणी आलं कुठून? खड्ड्याच्या तळाला रबराचं बूच असतं, ते मीच हवा खेळावी म्हणून मार्चमध्ये काढलं होतं. डबक्यातून गाडी गेली की खालून शिंतोडे आत.

बूच परत बसवलं. जोड कापून नवा केला, कानसेने धार मोडून, दुहेरी नळी चढवून. सगळी केबल तळापासून चार बोटं वर क्लिपांवर घेतली.

चमचाभर पाणी आणि केसाएवढी चीर. गाडीने हे पकडलं कारण तिच्यात तपासायची यंत्रणा आहे. त्या यंत्रणेला गप्प करून चालवणारे लोक मी पाहिलेत. त्यांच्या गाडीला हात लावायची मला भीती वाटते.

७ जुलै

८० अँपिअरवर वीस मिनिटं चालवून तापमानाची बंदूक फिरवली. सेल जोडणाऱ्या तांब्याच्या सगळ्या पट्ट्या ३७ अंश, पाचव्या सेलची ५८. उघडून पाहिलं तर तिथला स्प्रिंग वायसर पट्टीच्या वर नाही, पट्टी आणि सेलच्या मध्ये गेला होता. तांबं सेलला टेकलंच नव्हतं, सगळा करंट त्या वायसरच्या कडेवरून. दीड मिलिओहम सुद्धा ८० अँपिअरला दहा वॉट जाळतो. सोळाही सेल उघडून परत बसवले.

११ ऑगस्ट

चाळीस फेऱ्यांची मोजणी, २४.८ किलोमीटर. मोठ्या बॅटरीतून ३.४२ युनिट गेले. किलोमीटरला १३८ वॉट-अवर. एवढ्या कमी वेगाला हे जास्त आहे.

लॉग उलगडून बघत बसलो. वळणावर ब्रेक दाबला की वीज परत यायला हवी, ती येते पण फारच थोडी. मग नजर टक्क्याच्या रेघेवर गेली. भाच्याच्या बोर्डाला मीच सांगितलं होतं, मूळ बॅटरी ६८ ते ७५ मध्ये ठेव, भरलेली बरी. कन्व्हर्टर एकाच दिशेने वीज देतो, घेत नाही. ब्रेकची वीज जायला जागा एकच, ती छोटी मूळ बॅटरी, आणि तीच मी कायम काठोकाठ ठेवली होती. वहीतलं मार्चचं वाक्य खोडलं. पाच युनिटची मोठी बॅटरी मागे असून तवंदीचा उतार तिला पकडता येणार नाही. उतार पकडणार ती छोटीच, आणि तेही तिच्यात जागा ठेवली तर.

१८ ऑगस्ट

पट्टा बदलला: ५६ ला चालू, ६४ ला बंद. तेच आवार, तेवढ्याच फेऱ्या, तोच वेग. ३.०० युनिट. १२१ वॉट-अवर. एक नट न हलवता बाराएक टक्के वाचले.

पंधरा टक्के शिल्लक ठेवून मोठ्या बॅटरीतून ४.३५ युनिट वापरायचे ठरवले तर पस्तीसेक किलोमीटर होतात. काकांच्या वखारीचा दिवस त्यात निघतो. भिंतीच्या सॉकेटवर मीटर लावून पूर्ण भरली तेव्हा ४.९ युनिट लागले. पंधरा अँपिअरच्या साध्या सॉकेटवर, दीड किलोवॉटच्या चार्जरने, साडेतीन तासांत.

२१ सप्टेंबर

किट बाहेर काढलं. दोघांना चाळीस मिनिटं लागली. गाडीची आरसी पुढच्या वर्षी पंधरा वर्षांची होते, नूतनीकरणाला ती आहे तशीच, मूळ रूपात जाणार. काकांना वाईट वाटलं. मला वाटलं नाही असं म्हणता येणार नाही, पण नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. मेमध्ये बॅटरी ४३ अंशांवर होती आणि जूनमध्ये केबल बॉडीला गळत होती. दोन्ही चुका बंद आवारात सापडल्या, चिकोडी रस्त्यावर समोरून उसाचा ट्रॅक्टर येत असताना नाही.

खोकं टेबलावर आहे. त्यात आता दोन्ही दिशांनी वीज नेणारा कन्व्हर्टर बसवायचाय. भाच्याने त्याचं सर्किट त्याच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला घेतलंय.

२८ सप्टेंबर

गाडी निपाणीला पोचवली. लॉगर सवयीने लावलाच होता. तवंदीच्या अलीकडे हायवे सोडून दोनेक किलोमीटर सर्व्हिस रोडने सावकाश, इंजिन बंद ठेवून आलो. माथ्यावर ४९. काका शेजारी बसून स्क्रीनकडे बघत होते. घाट सगळा उतरलो, इंजिनाचा तो गरगर आवाज एकदाही आला नाही. खाली ७०.